मिश्री म्हणजे तंबाखूच

गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं, तंबाखू कोण खातं? एकही हात वर झाला नाही. मिश्री कोण लावतं म्हटल्यावर मात्र सगळ्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. अहो, मिश्री म्हणजे तव्यावर काळा होईस्तोवर भाजून कुटलेला तंबाखूच! भाजल्यानं त्यातलं विष जात नाही. मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं, असं आपण म्हणतो. ती निकोटीनची सवय. दाढेचा ठणका थांबतो, पण कीड आत तशीच राहते. हिरड्या दात सोडतात. गरोदर सुनेला तर डबी देऊच नका, बाळाचं वजन कमी भरतं.

उजेडात आरसा धरून गालाच्या आत, ओठाखाली, जिभेच्या कडेला बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर आरोग्य केंद्रात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो.

येत्या बैठकीला आम्ही आरसा आणि बॅटरी घेऊन येतोय. आशाताईंनाही बोलावलंय.