दप्तर एक, ठाणी अनेक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पानिपत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय संगणकाचा आहे हे ऐकून मागच्या रांगेतील काही मंडळी अस्वस्थ झालेली दिसतात. त्यांना दिलासा असा की, आरंभ मी पानिपतच्या कागदांपासूनच करणार आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी जेथे आपल्या लोकांचा संहार झाला, त्या भूमीवर आपण संसार थाटले. परंतु त्या मोहिमेची मराठी पत्रे पाहावयाची तर शेकडो कोस दूर जावे लागते. बरे, जावे तरी कोठे? पेशवे दप्तराचे मोडी रुमाल पुण्याच्या सरकारी पुराभिलेखागारात आहेत. त्यांतील निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनी ४५ खंडांत छापविले. त्यापूर्वीच, १८९८ साली, इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला होता, तो याच काळातील पत्रांचा. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि राजवाड्यांच्या निधनानंतर धुळ्यास त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. विषय एक, दप्तरे ठायी ठायी! अशा वेळी एखादा जाणता ग्रंथपाल ‘हा कागद येथे नाही, धुळ्यास विचारा’ असे सांगतो, तेव्हा तो कागद देत नाही, पत्ता देतो. संगणकाच्या व्यवहारात या पत्ता देण्यास रेफरल म्हणतात.

दूरच्या यंत्रावरील फायली आपल्याच यंत्रावर असल्यासारख्या उघडाव्या, यासाठी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ च्या सुमारास नेटवर्क फाइल सिस्टिम, संक्षेपाने एनएफएस, ही पद्धती आणली. रेफरलची सोय तिच्या चौथ्या आवृत्तीत आली. वाचकाचे यंत्र पहिल्या सर्व्हरकडे एखादा कप्पा मागते. सर्व्हर उत्तर देतो, ‘हा कप्पा अन्यत्र आहे.’ यंत्र विचारते, ‘कोठे?’ सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरचे नाव आणि तेथील मार्ग सांगतो. मग यंत्र स्वतःच तेथे जाते आणि कप्पा जोडून घेते. वाचकाला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या दृष्टीने दप्तर एकच असते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. पहिला सर्व्हर माल वाहून आणीत नाही. म्हणून वाचकाच्या यंत्रास दुसऱ्या सर्व्हरपर्यंतची वाट मोकळी असली पाहिजे, आणि परवानगीही तेथली स्वतंत्र असली पाहिजे. पहिल्या दाराशी ओळख पटली म्हणून दुसरे दार उघडेलच असे नाही. ‘पत्ता बरोबर, पण कप्पा उघडत नाही’ अशी तक्रार आली, की मी प्रथम या दोन गोष्टी पाहतो.

आता आपल्या घरचा प्रश्न. पन्नास वर्षांची छायाचित्रे, नाटकांच्या ध्वनिफिती, जुन्या स्मरणिका हे सारे सभासदांच्या घरोघरी विखुरलेले आहे. कारखान्यांत नोकरीस आलेली कुटुंबे बदलीबरोबर निघून जातात आणि त्यांच्याबरोबर आपला इतिहासही पेटीत बंद होऊन जातो. सर्व काही एकाच यंत्रावर ठेवावे, असे कार्यकारिणीत काहींचे मत आहे. मला ते पटत नाही. ते यंत्र बिघडले की सारेच गेले. शिवाय ध्वनिफिती ज्याने जपल्या, त्याच्याकडून त्या काढून घेण्याचा आपल्याला अधिकार काय? ठाणी दोन-तीन असावीत. मात्र प्रवेशाचे दार एक असावे, आणि त्या दारावर केवळ पत्ते असावेत.

लिनक्सच्या सर्व्हरवर हे पत्ते ‘एक्सपोर्ट्स’ नावाच्या फायलीत ‘रेफर’ या शब्दापुढे लिहितात. एकाच कप्प्याच्या दोन प्रती असतील, तर दोन्ही पत्ते देता येतात. त्या प्रती सारख्या ठेवणे मात्र आपले काम. रेफरल ते करीत नाही. पत्त्यात यंत्राचा क्रमांक न घालता नाव घालावे, म्हणजे यंत्र बदलले तरी नाव टिकते. कप्पा हलविला, तर जुन्या जागी नवा पत्ता ठेवूनच हलवावा. कारण आधीच जोडलेली यंत्रे काही काळ जुन्या दाराशीच जात राहतात. ‘अ’ने ‘ब’कडे आणि ‘ब’ने पुन्हा ‘अ’कडे धाडावे, हा खेळ सरकारी कचेऱ्यांत आपण पुष्कळ पाहिला आहे, तो येथे होऊ देऊ नये. आणि हे सारे खासगी, सुरक्षित जाळ्यातच चालवावे. खुल्या महाजालावर असा सर्व्हर उघडा टाकणे म्हणजे रात्री वाड्याचा दिंडीदरवाजा सताड उघडा ठेवून निजणे होय.

खर्चाचा तपशील मी चिटणिसांकडे दिला आहे. तो येथे वाचून आपला वेळ घेत नाही. अडचण पैशाची नाही, पत्त्यांची वही कोण राखील ही आहे. माझी सूचना अशी की, हे काम एका माणसाकडे न देता दोन कुटुंबांकडे द्यावे, आणि एकाची बदली झाली की त्याच महिन्यात दुसरे नेमावे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांनी एखाद्या साध्या सभासदाच्या यंत्रावरून, सर्व्हरवरून नव्हे, प्रत्येक कप्पा एकदा उघडून पाहावा. जो उघडणार नाही त्याची नोंद करावी आणि ती पुढच्या सभेत वाचून दाखवावी.