घाम फुटलेला असताना बीपी मोजा

भूलतज्ज्ञ मित्रहो आणि आज दवाखाना बंद ठेवून तालुक्या-तालुक्यांतून आलेल्या डॉक्टर बंधू-भगिनींनो,

सरकारदरबारी 2024 पासून अहिल्यानगर झालेल्या, पण आमच्या तोंडी अजून 'नगर'च असलेल्या या गावात स्वागत समितीच्या वतीने आपलं मनापासून स्वागत.

आजचा विषय ॲड्रिनल ग्रंथीचा. ही ग्रंथी म्हणजे मूत्रपिंडावरची टोपी, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्यातली फिओक्रोमोसायटोमाची गाठ बहुधा कर्करोगाची नसते, पण गरीबही नसते. माणूस बसल्या जागी घामाने निथळतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं आणि थोड्या वेळात सगळं शांत. दवाखान्यात पोचेपर्यंत बीपी नॉर्मल! घरचे 'बाहेरचं' बघतात, आपण 'टेन्शन' म्हणून झोपेची गोळी देतो. देवऋषी आणि आपण, फरक फक्त फीचा.

1926 साली लोझानला सेझार रू आणि रोचेस्टरला चार्ल्स मेयो यांनी ही गाठ यशस्वीपणे काढली, तेव्हा आत नेमकं काय आहे हे आधी ठाऊक नव्हतं. आज चोवीस तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन्स चाहूल देतात, सीटी जागा दाखवतो, दुर्बिणीने गाठ निघते. पण खरी कसोटी ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे. आधी अल्फा ब्लॉकर, नंतर गरज पडली तरच बीटा. क्रम उलटला की बीपी भडकलंच. वर या रुग्णाला आपण मीठ-पाणी वाढवायला सांगतो. 'मीठ तोडा' ऐकून कंटाळलेला तो बिचारा आपल्याकडे संशयानेच बघतो! टेबलावर गाठीला हात लागला की बीपी आभाळात, शीर बांधली की पाताळात. त्या वेळी रुग्णाच्या उशाशी बसलेल्या भूलतज्ज्ञाचं नाव नातेवाइकांना ठाऊकही नसतं. म्हणून आजचा पहिला हार त्यांना.

पोटदुखीच्या सीटीत अवचित दिसलेल्या बऱ्याच ॲड्रिनल गाठींना सुरी लागतच नाही. मात्र हार्मोन तपासल्याशिवाय त्यांत सुई घालू नका, ही विनंती.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून याच जिल्ह्यातल्या जामखेडच्या खेड्यांत जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. आता लोणीला मेडिकल कॉलेज आहे, विळद घाटातही आहे. तरी फिओक्रोमोसायटोमाची गाठ पहिल्यांदा सापडेल ती वाडीवस्तीवरच, झटका आलेला असताना दंडाला पट्टा बांधणाऱ्याला.

दुपारच्या जेवणात मीठ बेतानेच घातलंय. ज्यांना वरून लागेल, त्यांनी दाराशी बीपी मोजून घ्यावं. यंत्र ठेवलेलं आहे.