पगार, पागारे आणि बाळकुमचं फायर स्टेशन

आज इटालियन शब्द डोक्यात कसे ठेवायचे, त्याबद्दल.

दीड महिन्यावर माझी परीक्षा आहे आणि रात्री पाठ केलेले शब्द सकाळी गायब! मग लक्षात आलं, काही तर घरातच आहेत. चावी म्हणजे 'क्यावे', साबण 'सापोने', पाव 'पाने'. हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. आपलं ठाणं १७३७ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं ना. पोर्तुगीज आणि इटालियन, दोघी लॅटिनच्या लेकी. लिंगसुद्धा जुळतं: ती चावी, तो साबण, तो पाव. (बटाटा मात्र दगा देतो. तिकडे तो 'ती' आहे.)

पण सांभाळून हं. 'पागारे' म्हणजे पैसे देणं. मी क्लासमध्ये ते पगार म्हणून ठोकून दिलं. पगाराला 'स्तिपेंदिओ' म्हणतात, हे सगळ्या वर्गासमोर कळलं.

अनोळखी शब्द मी रस्त्यावर टांगते. 'काल्दो' ऐकायला कोल्ड, अर्थ गरम. तो लावला बाळकुमच्या फायर स्टेशनला, आता विसरणं शक्यच नाही. 'मेला' म्हणजे सफरचंद, तो नाक्यावरच्या फळांच्या गाडीवर.

बसमध्ये वही बंद ठेवायची. आधी आठवायचं, अडलं तरच बघायचं. तेच शब्द उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. वाचत बसण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

काल कापूरबावडी येईपर्यंत बावीसपैकी सतरा आले. खिडकीचा शब्द तीनदा बघूनही सुटतोय. 'फिनेस्त्रा' कुठे टांगू, सुचवा बरं.