पहिली दुर्बीण आणि तिची नेत्रभिंगे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी बोनसवर, कंत्राटी कामगारांवर किंवा नव्या कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी विषय लिहून पाठवला तो असा: ‘पहिल्या दुर्बिणीसाठी नेत्रभिंगे व इतर साहित्य कसे निवडावे.’ दुसऱ्या दिवशी चिटणीसांचा फोन आला. म्हणाले, “अण्णा, पाकिटात कागद दुसऱ्याच कुणाचा तर गेला नाही ना?” मी म्हटले, कागद माझाच आहे. विषयही माझाच आहे, कारण या विषयात मी एकदा लोकांचे पैसे चुकीच्या ठिकाणी घातले आहेत, आणि त्याहून वाईट असे काही माझ्या हातून होता होता राहिले आहे. अशा माणसाने बोलावे हे बरे.

माझे शिक्षण नववीपर्यंत. १९८६ साली मी एका कारखान्यात टर्नरच्या हाताखाली लागलो, त्याच वर्षी हॅलेचा धूमकेतू आला होता. कुणी हौशी मंडळींनी मैदानावर दुर्बीण लावली होती. रांगेत दीड तास उभा राहिलो आणि दिसला काय, तर काचेवर कुणी फुंकर मारावी तसा एक पुसट डाग. मागचा माणूस ढोसत होता म्हणून बाजूला झालो. पण तो डाग डोक्यातून गेला नाही. वाचनालयात जाऊन त्याच्याविषयी जे मिळेल ते वाचू लागलो, आणि तीच माझी शाळा झाली.

आता मूळ गोष्टीवर येतो. २००३ च्या दिवाळीत आमच्या कारखान्यात करार चांगला झाला. कामगार वसाहतीच्या वाचनालयात मुलांसाठी दुर्बीण घ्यावी असा ठराव मीच मांडला. प्रत्येकी दहा-दहा रुपये जमले, काहींनी जास्त दिले. खरेदीला मी एकटाच गेलो. दुकानात दोन खोकी पुढे ठेवली. एकावर मोठ्या अक्षरांत छापले होते ‘५२५ पट’. दुसऱ्यातल्या दुर्बिणीचे तोंड रुंद होते, पण खोक्यावरचा आकडा लहान होता. मी मोठा आकडा उचलला.

पहिल्या रात्री सगळी वसाहत गच्चीवर. मी मोठ्या ऐटीने सर्वांत जास्त मोठे दाखवणारे भिंग लावले. काळोख दिसला. मधूनच काहीतरी फिकट थरथरत जायचे आणि नाहीसे व्हायचे. मुले कंटाळून खाली गेली. एक जुने फिटर मागे उभे होते, ते शांतपणे म्हणाले, “अण्णा, मालकाचा मसुदा तुम्ही तीनदा वाचता. हे खोकं एकदाच वाचलंत.” त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसा माझा नव्हता.

तेव्हा वही घेऊन बसलो. ते गणित तुमच्यापुढे मांडतो. चौथीच्या मुलाला येईल असे आहे. दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला मोठे भिंग असते, किंवा नळीच्या तळाशी आरसा असतो. त्याचे काम प्रकाश गोळा करून त्याची एक लहानशी प्रतिमा करण्याचे. ती प्रतिमा जितक्या अंतरावर तयार होते ते त्याचे नाभ्यंतर. डोळा जेथे लावायचा तेथले लहान भिंग म्हणजे नेत्रभिंग, बाजारात त्याला आयपीस म्हणतात. त्यालाही आपले नाभ्यंतर असते आणि ते त्याच्या कडेवर कोरलेले असते. मोठ्या नाभ्यंतराला लहानाने भागा, की किती पट मोठे दिसेल ते निघते. आमच्या दुर्बिणीचे नाभ्यंतर ७०० मिलिमीटर. २० चे नेत्रभिंग लावले तर ३५ पट. साडेबाराचे लावले तर ५६ पट. ४ चे लावले तर १७५ पट. शिवाय खोक्यात एक तिप्पट करणारे बार्लो भिंग होते. १७५ गुणिले ३, झाले ५२५. आकडा खोटा नव्हता. तो निरुपयोगी होता, आणि हे खोक्यावर लिहिलेले नव्हते.

निरुपयोगी का? आमच्या दुर्बिणीचे तोंड ६० मिलिमीटर. त्यातून प्रकाश जेवढा आत येतो तेवढाच येतो. पाव किलो कणकेची एकच पोळी लाटायची ठरवली, तर ती जितकी मोठी कराल तितकी पातळ होईल आणि शेवटी फाटेल. प्रतिमा दुप्पट मोठी केली की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो. ३५ वरून ५२५ वर गेलो म्हणजे पंधरा पट, आणि प्रकाश सव्वादोनशे पट पातळ झाला. काळोख दिसणार नाही तर काय? याशिवाय तिकाटण्याचा प्रत्येक हादरा आणि आपल्या डोक्यावरच्या हवेची प्रत्येक लाट तितकीच मोठी होते. म्हणून जाणकारांनी एक अदमास ठरवला आहे: तोंडाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीच्या वर जाऊ नये. आमच्या दुर्बिणीची मर्यादा १२० पट. म्हणजे बार्लो राहू द्या, ते ४ चे नेत्रभिंगसुद्धा तिला झेपणारे नव्हते. मोठ्या दुर्बिणीलाही बहुतेक रात्री हवा दोनशेच्या फार वर जाऊ देत नाही. आणि १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र पाहिले, ते सुमारे २० पटीच्या दुर्बिणीतून, हेही लक्षात ठेवा.

मग मी सर्वांत ‘कमी’ दाखवणारे २० चे नेत्रभिंग लावले. २००४ चा जानेवारी होता, शनी मिथुन राशीत होता आणि त्याची कडी चांगली उघडलेली होती. ३५ पटीत तो ज्वारीच्या दाण्याएवढाही दिसत नाही; पण त्या दाण्याभोवती कडे आहे हे स्वच्छ दिसते. फिटरकाकांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग एवढेच म्हणाले, “वर्गणी वसूल.”

आता तुम्हाला दुर्बीण घ्यायची असेल तर. आज नवशिक्यासाठी ११४ मिलिमीटर आरशाची, ९०० नाभ्यंतराची दुर्बीण पुष्कळ ठिकाणी मिळते. तिची मर्यादा सुमारे २२८ पट. तिच्याबरोबर पाच-सहा नेत्रभिंगांची पेटी घेऊ नका. दोन चांगली घ्या, एक २५ चे आणि एक १० चे, आणि दुप्पट करणारे एक बरे बार्लो. २५ ने ३६ पट, बार्लो लावून ७२. १० ने ९० पट, बार्लो लावून १८०. दोन नेत्रभिंगांत चार पायऱ्या झाल्या. येथे एक खाच आहे. २० आणि १० अशी जोडी घेतलीत, तर २० ला बार्लो लावून मिळते ते १० चेच काम. एका पायरीचे पैसे फुकट गेले. खरेदीआधी कागदावर भागाकार करून पाहावा.

कोणत्या जातीचे घ्यावे? कडेवर एच हे अक्षर असेल तर ते हायगेन्सचे, सतराव्या शतकातली दोन साध्या भिंगांची रचना. स्वस्त दुर्बिणींत एसआर ४ असे असते; ते तर किल्लीच्या भोकातून पाहावे तसे. के म्हणजे केल्नर, १८४९ सालचे, यांपेक्षा पुष्कळ बरे. पण पैसे थोडे जास्त पडले तरी प्लॉसल घ्यावे. व्हिएन्नाच्या प्लॉसलने १८६० च्या सुमारास भिंगांच्या दोन जोड्या समोरासमोर बसवून ही रचना केली. तिच्यातून सुमारे ५० अंशांचे क्षेत्र दिसते. त्या ५० ला पटीने भागा, की आकाशाचा केवढा तुकडा दिसेल ते कळते. ३६ पटीत जवळजवळ दीड अंश, म्हणजे शेजारी शेजारी सुमारे अडीच पौर्णिमेचे चंद्र मावतील. ९० पटीत अर्ध्या अंशाहून किंचित जास्त, म्हणजे एकच चंद्र. कृत्तिकांचा झुबका ३६ पटीत पूर्ण मावतो, ९० पटीत त्यातल्या चारदोन तारका उरतात आणि झुबका हरवतो. म्हणून कमी पटीचे नेत्रभिंग हे गरिबाचे नेत्रभिंग समजू नये. शोधायचे त्यानेच, आणि निम्मे आकाश पाहायचेही त्यानेच.

माझ्या वयाच्या मंडळींसाठी एक गोष्ट. १० च्या प्लॉसलमध्ये डोळा भिंगापासून सुमारे ७ मिलिमीटरवर न्यावा लागतो. चष्मा लावून ते जमत नाही. दृष्टी केवळ जवळची किंवा दूरची असेल तर चष्मा काढून ठेवा, दुर्बिणीची चकती फिरवून ते सांभाळता येते. चष्म्यात तिरका नंबर मोठा असेल, तर डोळा दूर ठेवता येईल असे नेत्रभिंग मागून घ्या. आणखी एक गोष्ट कारखान्यातल्या माणसाला सांगायलाच नको: मापाची. नेत्रभिंगाच्या नळीचा व्यास जुन्या स्वस्त दुर्बिणींत २४.५ मिलिमीटर असतो, आज सर्रास चालतो तो ३१.७, आणि मोठ्या दुर्बिणींत ५०.८. खिशात व्हर्नियर घेऊन जा. २४.५ ची दुर्बीण घेतलीत तर पुढे चांगले नेत्रभिंग तिला बसणार नाही.

हायगेन्सचे नाव घेतले म्हणून सांगतो. त्याच्या ओळखीचा एक भिंगे घासणारा कारागीर होता, त्याचे नाव स्पिनोझा. तत्त्वज्ञ म्हणून जग त्याला ओळखते; पोट तो भिंगे घासून भरी. १६७७ साली ४४ व्या वर्षी तो छातीच्या विकाराने वारला, आणि काचेच्या धुळीने तो विकार वाढवला असावा असे अनेकांना वाटते. दगडाच्या आणि काचेच्या धुळीने आजही आपल्या देशात माणसे मरतात. नेत्रभिंग हातात घ्याल तेव्हा ते कुणीतरी घासलेले आहे एवढे मनात असू द्या.

इतर साहित्याबद्दल थोडक्यात. पहिला पैसा तिकाटण्यावर घाला. ते डुगडुगत असेल तर मधोमध वाळूची पिशवी टांगा. शोधक दुर्बीण दिवसाउजेडी दूरच्या पाण्याच्या टाकीवर जुळवून ठेवा, रात्री जुळवत बसू नका. विजेरीला लाल कागद बांधा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. आरशाची दुर्बीण असेल तर आरसे एका रेषेत आहेत की नाही हे पाहायला मधोमध बारीक भोक पाडलेले टोपण पुरते. चंद्रासाठी हिरवी काच विकतात. ती नसली तरी अडत नाही. आणि खरेदीपूर्वी कुणाच्या तरी दुर्बिणीतून एकदा पाहून घ्या. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा ठिकाणची माणसे नवख्याला हाकलून देत नाहीत.

आता शेवटची आणि मुख्य गोष्ट. आमच्या खोक्यात एक काळी काच होती, नेत्रभिंगावर फिरवून बसवायची. तिच्यावर ‘सूर्य’ असे छापले होते. ८ जून २००४ रोजी शुक्राचे अधिक्रमण होते, शुक्र सूर्यबिंबावरून जाताना दिसणार होता. आदल्या दिवशी ऊन पडले होते म्हणून मी तालीम करायचे ठरवले. काच बसवली, दुर्बीण सूर्याकडे केली. वसाहतीतला एक दहा वर्षांचा मुलगा पहिल्या नंबरासाठी माझ्या कोपराला लागून उभा होता. मी म्हटले, “थांब, आधी नीट जुळवू दे.” तेवढ्यात तडक असा आवाज झाला. काच आरपार तडकली होती आणि फटीतून उन्हाची सुई बाहेर येत होती. मी आणखी अर्ध्या मिनिटाने “ये” म्हटले असते, तर त्या मुलाचा डोळा तेथे असता.

दिवसा आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची होते. ६० मिलिमीटरचे भिंग तिच्यापेक्षा चारशे पट ऊन गोळा करते, आणि ती काळी काच नेमकी ते ऊन एकवटते तेथेच बसलेली असते. यंत्राला जाळी नसेल तर आम्ही यंत्र बंद करायला लावतो. येथे जाळी चुकीच्या जागी होती आणि कामगारांचा पुढारी म्हणवणारा मी तिच्यावर विसंबलो होतो. विकणाऱ्याचा दोष मोठा, पण छापलेल्या शब्दावर दुसऱ्यांदा विश्वास ठेवणारा मी होतो.

ती काच मी हातोड्याने फोडली. दुसऱ्या दिवशी शोधक दुर्बिणीचे तोंड झाकले, जुने हायगेन्सचे नेत्रभिंग लावले आणि सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडली. त्या नेत्रभिंगात भिंगे डिंकाने चिकटवलेली नसतात, म्हणून उष्णतेने ते बिघडत नाही. टाकाऊ समजलेली वस्तू कामाला आली. दुर्बिणीशी एक माणूस पहाऱ्याला बसवला, कुणी डोळा लावू नये म्हणून. ढग येत-जात होते. पण ऊन पडले तेव्हा कागदावर एक काळा ठिपका सर्वांनी एकदम पाहिला. तो दहा वर्षांचा मुलगा आज तिशीत आहे.

सूर्य पाहायचाच असेल तर गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण झाकणारी, त्याच कामासाठी केलेली, आणि दर वेळी उजेडाकडे धरून भोक नाही ना हे तपासलेली हवी. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळा असला तरी मुले बाहेर पडतील. घरात जुनी दुर्बीण असेल तर आज रात्रीच तिची पेटी उघडा. तशी काळी काच सापडली तर ती कुणाला देऊ नका, फोडून टाका. एवढे एक काम या व्याख्यानातून झाले तरी मला पुरे.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. कामाचे तास कमी करून घेताना आम्ही नेहमी विचारले जातो, की त्या मोकळ्या वेळाचे कामगार करणार काय? आमच्या गच्चीवर दर शनिवारी रांग लागते, हे एक उत्तर माझ्यापाशी आहे.

आज सप्तमीचा चंद्र आहे. मांडवाच्या मागे वाचनालयाची दुर्बीण लावून ठेवली आहे, नेत्रभिंग २० चेच आहे. लहान मुलांना पुढे सोडा, तिकाटण्याला पाय लागू देऊ नका.