दिवेलागणीनंतरचे दोन तास
(वसंत व्याख्यानमालेत सुपे येथे दिलेले व्याख्यान)



लोकांनी वाचन वाढवावे आणि दूरदर्शन पाहणे कमी करावे, तर समाजाचे हित होईल काय, असा प्रश्न व्याख्यानमालेच्या चालकांनी मजकडे धाडला, तेव्हा त्याचे उत्तर ‘होय’ असेच यावे अशी अपेक्षा प्रश्नाच्या घडणीतच दिसत होती. आणि घरोघर मालिका लागण्याच्या नेमक्या याच वेळी आपण उठून येथे येऊन बसला आहात, त्या अर्थी आपलेही मत फारसे निराळे नसावे. माझेही उत्तर होकारार्थीच आहे. मात्र त्या होकाराला एक अट आहे, आणि आजचे माझे सारे बोलणे त्या अटीविषयीच आहे: संच बंद झाला म्हणून कोणी आपोआप वाचू लागत नाही, मोकळ्या झालेल्या माणसाला जाऊन बसण्यास जागा आणि हाती घेण्यास पुस्तक लागते, आणि आपल्या कित्येक गावांतून त्या जागेला दिवेलागणीच्या वेळी कुलूप असते.

दूरदर्शनास सरसकट दूषणे देऊन टाळ्या घेण्याची जी रीत व्याख्यानांत रूढ झाली आहे, ती मी पाळणार नाही. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढे त्या केंद्रावरील ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमातून बियाणे, खते, कीड-रोग यांची जी माहिती शेतकऱ्यास घरबसल्या मिळू लागली, तिच्यासाठी पूर्वी त्याला तालुक्याच्या कचेरीत खेटे घालावे लागत. 1987 च्या जानेवारीत रविवारची ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा गावात एखाददुसराच संच असे. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणावी, एका पोराने कौलांवर चढून अँटेना फिरवावी, खालून कोणी ओरडावे, ‘आलं का रं?’ आणि आतून उत्तर यावे, ‘न्हाय, अजून मुंग्याच हायेत!’ अशा थाटात ते रविवार साजरे होत. ज्या वृद्ध स्त्रियांनी उभ्या जन्मात नाटकगृहाचे तोंड पाहिले नव्हते, त्यांच्यासाठी तेच पहिले नाटकगृह होते, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. आरंभी या संचाने माणसे एकत्र केली. पुढे घरटी एक संच आला तेव्हा ओटे ओस पडले, आणि आता तोच पडदा ज्याच्या त्याच्या तळहातावर आल्यामुळे एका खोलीतील चार माणसे चार ठिकाणी असतात.

आता दूरदर्शन येण्याआधी आपण फार वाचत होतो काय? नाही, आणि येथे पुस्तकप्रेमी मंडळी पूर्वजांविषयी थोडी अतिशयोक्ती करतात असे माझे मत आहे. आपल्या गावांत वाचणारे थोडे होते, पण वाचलेले ऐकणारे पुष्कळ होते. हा पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. पावसाने हुलकावणी दिली की कर्ता माणूस मुंबईस पोट भरण्यास जाई आणि महिन्याकाठी मनिऑर्डर येई. तिच्या कुपनावरच्या दोन-चार ओळी वाचून घेण्यासाठी पोस्टमनला ओट्यावर बसवून घेत, तो गेल्यावर शाळेतल्या पोराकडून त्या पुन्हा वाचवून घेत, आणि संध्याकाळी शेजारीण आली की तिच्यासाठी आणखी एकदा. श्रावणात देवळात पोथी लागे. ‘नवनाथ भक्तिसार’ किंवा ‘पांडवप्रताप’ एकाने वाचावा, दुसऱ्याने अर्थ सांगावा, आणि एखाद्या चिकित्सक म्हाताऱ्याने मध्येच हात वर करून ‘थांबा बुवा, हे काही पटलं नाही’ म्हणावे. त्या ‘थांबा’ला माझ्या लेखी फार मोठे मोल आहे. पोथी थांबत असे. दूरदर्शनाचा निवेदक थांबत नाही, आणि आपणास पटले की नाही हे त्याला कळण्याचीही सोय नाही.

याच जिल्ह्यात, नेवाशास, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगितला तो श्रोत्यांपुढे, आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर जी प्रवचने केली ती साने गुरुजींनी टिपून घेतली, म्हणून आज ती आपल्या हाती आहेत. बोललेले ऐकले, ऐकलेले लिहिले, लिहिलेले पुन्हा दहाजणांत वाचले, अशी ही वहिवाट आहे, आणि वाचनाने समाजाचे जे हित होते ते या वहिवाटीने होते. एकट्याने खोलीत बसून शंभर कादंबऱ्या वाचणारा मनुष्य व्यासंगी होईल, कदाचित सुखीही होईल. पण त्याच्या वाचनाचा गावाला उपयोग व्हावयाचा तर त्याने चावडीवर येऊन बोलले पाहिजे.

तुरुंगाचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो. नगरच्या किल्ल्यात 1942 पासून काँग्रेसचे पुढारी स्थानबद्ध होते. तेथेच पंडित नेहरूंनी 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, आणि मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रेही तेथलीच. सरकारने त्यांचे स्वातंत्र्य हिरावले, पण वेळ हिरावता आला नाही. लोकांनी वाचावे यासाठी त्यांना कैदेत टाकावे अशी सूचना मात्र कोणी या भाषणातून काढू नये!

शेजारच्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे सैन्यात असताना दिल्लीच्या रेल्वे स्थानकावरील दुकानात विवेकानंदांचे एक लहानसे पुस्तक त्यांच्या हाती पडले, ही हकीकत या तालुक्यात इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती मी लांबवीत नाही. तिच्यातील दुकानाकडे तेवढे आपले लक्ष वेधतो. मनुष्य ज्या घटकेस अस्वस्थ होता, त्या घटकेस तेथे दुकान उघडे होते आणि पुस्तक समोर मांडलेले होते.

ही जागेची गोष्ट झाली; आता वेळेची. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरल्या, शाळा सुरू झाल्यावरही मुलांच्या हातून मोबाइल सुटेना, तेव्हा 14 ऑगस्ट 2022 रोजी गावाने सभेत ठराव केला आणि दुसऱ्या दिवसापासून सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की दीड तास गावातील दूरदर्शन संच व मोबाइल बंद. आरंभी लोक ऐकेनात, म्हणून ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा सेविका आणि सेवानिवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजूत घालीत. त्या दीड तासात मुले अभ्यासाला बसतात, वाचतात, आणि वडीलधारी माणसे एकमेकांशी बोलतात. हे शेवटचे मला पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते. कायद्याचा हुकूम नसता, केवळ एकमेकांच्या भिडेने हे घडावे, यात गावपणाची ताकद दिसते. शहरातील गृहसंकुलात हा भोंगा कोणी वाजवून दाखवावा!

पण वडगावाने वेळ मोकळा केला तसा सुप्यानेही केला, तर पुढे काय? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला, त्यान्वये ग्रंथालयांस अ, ब, क, ड असे वर्ग लावून सरकार अनुदान देते, आणि खेड्यातील ग्रंथालय बहुधा ‘ड’ वर्गात पडते. त्याला वर्षाला 30,000 रुपये मिळत. 2022 मध्ये साठ टक्के वाढ मंजूर झाली तेव्हा ते 48,000 झाले. त्यातील निम्मे वेतनाचे धरले तर त्या वेळी ग्रंथपालाच्या हाती महिन्यास दोन हजार पडत. ज्या दूरदर्शन संचाविषयी आपण बोलत आहोत त्यातला बऱ्यापैकी मोठा घ्यावयाचा तर त्याची किंमत त्या संपूर्ण वर्षाच्या अनुदानापेक्षा अधिक भरे. तेव्हा लोक वाचत नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी हा जमाखर्च डोळ्यांखालून घालावा.

अशाच एका ग्रंथालयात मी मध्यंतरी गेलो होतो. दोन लोखंडी कपाटे, वर्तमानपत्रांचे एक मेज, भिंतीवर घड्याळ. ‘मृत्युंजय’ची शिवण उसवून पाने सुटी झालेली, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवरील तारखेची चिठ्ठी शिक्क्यांनी भरलेली, आणि देणगीदाखल आलेल्या समग्र वाङ्मयाचे खंड मात्र कोरे करकरीत. म्हणजे वाचक होते. परंतु दारावरील फलकावर वेळ लिहिली होती ती सकाळची, शेतकरी रानात, पोरे शाळेत आणि कामगार पाळीवर असतात तेव्हाची. दोन हजारांत त्या ग्रंथपालाने रात्रीही यावे, असे म्हणण्याचा धीर मला झाला नाही.

परंतु सायंकाळी उघड्या असणाऱ्या जागेची गरज येथे विशेष आहे, कारण सुप्यास औद्योगिक वसाहत आहे. परगावाहून आलेले शेकडो तरुण भाड्याच्या खोल्यांतून राहतात आणि पाळी सुटल्यावर त्यांना पडद्याखेरीज सोबत नसते. त्यांचा विचार या गावाने केला पाहिजे.

तरी माझी विनंती नेमकी आहे. गावाने ग्रंथालय सायंकाळी सात ते नऊ उघडे ठेवावे. त्या दोन तासांच्या मेहनतान्याची तजवीज लोकवर्गणीतून आणि कारखानदारांच्या मदतीतून करावी. आणि त्यातला अर्धा तास कोणीतरी मोठ्याने वाचावे व इतरांनी हवे तेथे त्याला थांबवावे. 1 मे रोजी ग्रामसभा भरेल. हा विषय तीत यावा असा अर्ज, आज येथे बसलेल्यांच्या सह्यांनिशी, त्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या दप्तरी दाखल करावा.