विहिरीत पेट्रोल उतरले तर पुरावा कोणी धरायचा?

(शिरूर व दौंड तालुक्यांच्या संयुक्त बैठकीतील भाषण)



विहीर आटली की काय करायचे हे आपल्याला आजोबांपासून ठाऊक आहे. विहीर नासली की काय करायचे हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. कुरकुंभच्या आसपास राहणाऱ्यांना नासलेले पाणी वेगळे सांगायला नको. तिथल्या रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. पण सांडपाणी निदान ओढ्यात दिसते. आज बोलायचे आहे ते न दिसणाऱ्या गळतीबद्दल.

पुणे-नगर रस्ता शिरूरमधून जातो, पुणे-सोलापूर रस्ता दौंडमधून. दोन्हींच्या कडेला पेट्रोल पंप आहेत आणि पंपाखाली हजारो लिटरच्या टाक्या पुरलेल्या आहेत. लोखंडाची टाकी गंजली, नळाचा सांधा सुटला, तर थेंब थेंब जमिनीत जातो. वर कोणाला पत्ता लागत नाही.

पेट्रोल जमिनीत गेले म्हणजे काय होते, हे फलटण तालुक्यातल्या सासवड गावाने २०२१ च्या जुलैत पाहिले. मुंबई-पुणे-सोलापूर इंधनवाहिनी त्या शिवारातून जाते. चोरांनी ती फोडली. सुमारे दोन हजार लिटर पेट्रोल मातीत मुरले, विहिरीत उतरले, उभ्या पिकाचे नुकसान झाले. तिथे चोरी होती, म्हणून लगेच बोभाटा झाला. टाकीची गळती बोभाटा करत नाही.

आपली जमीन कशी आहे? वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण. पेट्रोल मुरमातून खाली जाते आणि पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पाण्यावर तरंगते. पावसाळ्यात पाणी चढले की तेही चढते, उन्हाळ्यात उतरले की तेही उतरते आणि वाटेतला मुरूम माखून ठेवते. म्हणून एका मोसमात वास गेला म्हणजे सुटलो असे समजू नका.

पेट्रोलमध्ये बेंझीन असते. त्याने रक्ताचा कॅन्सर होतो. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये ते शेकडा एकपर्यंत चालते. पिण्याच्या पाण्यात मात्र जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. कागदावर हिशेब मांडला तर एका लिटर पेट्रोलमधले बेंझीन आठ लाख लिटरहून जास्त पाणी पिण्याच्या लायकीचे ठेवत नाही. वीस फूट व्यासाच्या आणि वीस फूट पाणी असलेल्या अशा चार विहिरी तरी झाल्या! त्यात आता पेट्रोलमध्ये आपल्याच उसाचे इथेनॉल आहे. जमिनीतले जंतू आधी इथेनॉल खातात, जमिनीतला प्राणवायू त्यातच संपतो आणि बेंझीन जास्त दिवस टिकते. उसाला भाव मिळाला, ठीक. पण हेही माहीत असावे.

तवंग दिसला की घाबरू नका. लोहाच्या जंतूंचाही तवंग येतो. काठीने हलवा. तो काचेसारखा तुकडे होऊन तुटला तर बहुधा जंतूंचा. फाटून पुन्हा जुळला तर तेलाचा. काडी पेटवून बघण्याचा शहाणपणा करू नका. वास येत असेल तर विहिरीत माणूस उतरवू नका आणि काठावर इंजिन चालवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते. गुदमरून माणूस जातो, ठिणगी पडली तर आग लागते. आणि आपल्याच इंजिनाचे डिझेल सांडले असेल तर ते आधी कबूल करा. खोट्या तक्रारीने खरी तक्रार मरते.

नमुना प्लास्टिकच्या कॅनमधून नेऊ नका, बेंझीन वाटेतच उडते. प्रयोगशाळेकडून काचेची बाटली घ्या, काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका, बर्फात ठेवून ताबडतोब पोचवा. एका विहिरीच्या नमुन्याने दिशा कळत नाही. पंपाच्या वरच्या अंगाची एक आणि खालच्या अंगाच्या दोन, अशा निदान तीन विहिरी घ्या, पाणीपातळी टेपने मोजा. आपल्या खडकात पाणी भेगांतून पळते, उताराने सरळ जाईलच असे नाही, म्हणून भूजल सर्वेक्षणाचा माणूस बोलवा. प्रदूषण मंडळाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पंपावर टाकीचे माप रोज काठीने घेऊन वहीत लिहितात. ती वही तपासा असे अर्जातच लिहा. उडून जाणाऱ्या पेट्रोलची थोडी तूट धरलेली असते आणि बारीक गळती नेमकी तिथे लपते.

पुढे पैसे कोणी द्यायचे? राजस्थानात बिछडी गावच्या विहिरी कारखान्यांनी नासवल्या. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, ज्याने नासवले त्यानेच भरायचे. तरी २०११ सालीही कोर्टाला त्याच पैशासाठी पुन्हा आदेश द्यावा लागला! आता २०१० च्या कायद्याचे हरित न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ पुण्यातच बसते. भरपाईचा अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो. पण तिथे पहिला प्रश्न येईल: आधी पाणी चांगले होते कशावरून?

जमिनीला सातबारा आहे, पाण्याला नाही. तो आपणच करायचा. रस्त्यालगतच्या प्रत्येक गावाने पाणी चांगले असतानाच तीन विहिरींची तपासणी करून कागद ग्रामपंचायतीत ठेवावा. पहिला खर्च आपला. गळती ठरली तर पुढचा सगळा टाकीवाल्याकडून वसूल. ज्यांच्या विहिरी पंपाच्या खालच्या अंगाला आहेत त्यांनी आज उठण्यापूर्वी गट नंबर, विहिरीची खोली आणि पंपापासूनचे अंतर लिहून द्यावे.