टॉवर : घाबरण्याआधी मोजून घेऊ



मोबाईल टॉवर उभा राहिला की भाडे एका घराला मिळते आणि भीती साऱ्या मोहल्ल्याला. पुढे गल्लीत कुणाला कर्करोग झाला, तर बोट आधी टॉवरकडे जाते.

आपल्याच सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातील चिकुर्डे ग्रामपंचायतीने गावकऱ्यांच्या तक्रारींवरून टॉवरचे काम थांबवण्याचा ठराव केला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. किरणोत्सर्गाने आरोग्य बिघडते याला शास्त्रीय आधार नाही, म्हणून ठराव रद्द झाला. भीतीपोटी ठराव करता येतो, पण तो पुराव्याशिवाय टिकत नाही.

मग विज्ञान काय सांगते? टॉवरच्या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतील रेणू तोडत नाहीत. अंतर वाढते तशी त्यांची तीव्रता झपाट्याने घटते. कानाला लावलेला फोन मात्र अगदी जवळ असतो, आणि रेंज कमी असली की तो जास्त जोर लावतो. म्हणजे टॉवर दूर हटवून डोक्याजवळच्या लहरी उलट वाढू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकल्या. त्यानंतर २०२४ मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. तंबाखू मात्र ‘निश्चित कर्करोगकारक’ गटात आहे. टॉवरला शिव्या देत मावा चोळणाऱ्या दोस्तांना मी हे मुद्दाम सांगतो.

याचा अर्थ कंपनीला मोकळे रान द्यावे असा नाही. भारताने सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॉट आहे. केंद्र सरकारच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर जवळचा टॉवर शोधता येतो आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. वर्गणी काढा, मोजणी करून घ्या आणि आकडा चावडीवर लावा. इमारतीच्या मजबुतीचा दाखला मागा. जनरेटरच्या धुराची, आवाजाची तक्रार लेखी द्या.

कुंडल परिसराने १९४३ ते ४६ या काळात प्रतिसरकार चालवले आणि गावचे तंटे गावातच सोडवले. टॉवरचा तंटाही दोन्ही बाजू ऐकून आपण सोडवू शकतो.

एक विनंती आहे. घरात कुणाला गाठ, न भरणारी जखम किंवा सततची डोकेदुखी असेल, तर टॉवरवर खापर फोडत महिने घालवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.